काका म्हणाले होते

काका जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा चष्मेवाला काकूंच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, आत्ता विषय काढू नये खरं, पण काका म्हणाले होते..."

काका म्हणजे आमचे घरमालक. काकू त्यांच्या पत्नी. आम्ही तीन बिऱ्हाडं त्यांची भाडेकरू. चष्मेवाला पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला राहतो, काकू त्याच मजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत. तळमजल्यावर ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. आणि सगळ्यात वर, गच्चीला लागून एक खोली आहे, तिच्यात मी. दातांच्या दवाखान्यात मी नंबर लावून देते. "मला फक्त दोनच मिनिटं लागतील" असं सांगून रांगेत घुसणारी माणसं मी दिवसाला वीस बघते, त्यामुळे खोटं बोलणारा माणूस मला लांबून ओळखू येतो, असा माझा समज होता.

तर चष्मेवाल्याचं म्हणणं असं की, गच्चीचा अर्धा भाग त्याच्या कुत्र्यासाठी जाळी लावून बंद करून घेतला तरी चालेल, असं काका म्हणाले होते. काकूंनी मान डोलावली. त्यांना काय ठाऊक? भाडेकरूंचा सगळा कारभार काकाच बघायचे. नळ गळला, दिवा गेला, दार फुगलं की माणूस काकांकडे जायचा. काका आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. कानावर पेन्सिल ठेवून यायचे, तीनदा माप घ्यायचे, एकदा भोक पाडायचे. कामाला बोट ठेवायला जागा नाही. पण कागद म्हणून कुठे केलेला नाही. जे काही ठरायचं ते जिन्यात, तोंडी.

त्या संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "अगं, गच्चीचं ठरलं आहे म्हणे."

ती गच्चीची बाजू म्हणजे माझी कपडे वाळत घालायची दोरी. मी काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "असं कसं? मला तर काका म्हणाले होते की ती दोरी कायम माझी."

खोटं. शंभर टक्के खोटं. तीन वर्षांत काका माझ्याशी एकूण पन्नास शब्द बोलले असतील, आणि त्यातले चाळीस फ्यूजबद्दल होते. पण वाहत्या गंगेत चष्मेवाला हात धुतोय तर मी का कोरडी राहू?

काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला बसल्या. काकू डावखुऱ्या. लिहिता लिहिता त्यांचा हात ओल्या शाईवरून सरकतो आणि सगळी ओळ फिसकटते. वर त्यांनी लिहिलं, "ह्यांनी दिलेले शब्द". खाली एक: कुत्र्याला गच्ची. दोन: दोरी कायम. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकच जागा दोघांना कशी दिली गं ह्यांनी? एवढं मोजून मापून करणारा माणूस."

मी चहाच्या कपात बघत राहिले.

पंधरा दिवसांत ते पान भरलं. चष्मेवाल्याच्या बायकोला काका म्हणाले होते, मोरीच्या फरशा बदलून देतो. मास्तरांना म्हणाले होते, दोन गाड्या दारासमोर लावा. पण मास्तरांनी शब्दापेक्षा तक्रारच मोठी आणली. काकांनी जायच्या आठवडाभर आधी तळमजल्याच्या बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला भिंतीत धरायचा स्टीलचा दांडा बसवला होता. तो डाव्या हाताला. आता मास्तरांच्या आईची डावी बाजूच झटक्याने लुळी पडलेली. "मी उभा राहून सांगत होतो, काका, उजवीकडे बसवा," मास्तर म्हणाले. "काका 'हं' म्हणाले आणि डावीकडेच भोक पाडलं. वर बसवलाही इतका खाली की माझ्या उंच आईला तो ढोपराशी लागतो. जाऊ दे, वय झालं होतं."

काकूंनी लिहिलं, "दांडा चुकला." आणि लगेच पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "हे चुकणार नाहीत," त्या मला म्हणाल्या. "बोलायला चुकतील. भोक पाडायला नाही."

काकूंचा खरा घोळ त्या पानात नव्हताच. त्यांचा घोळ असा की, बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस घरात बोलत नसे. काकूंनीच मला त्यांच्या हुंकाराचे तीन प्रकार करून दाखवले होते. आखूड "हं" म्हणजे हो. लांब "हंऽ" म्हणजे नाही. आणि नाकातून आलेला म्हणजे ऐकलंच नाही. भाजी चांगली झाली का, तर हं. मुलगा परगावी नोकरीला चालला, तर हंऽ. आणि आता रोज कोणीतरी दारात येऊन सांगतंय, काका मला म्हणाले होते, काकांनी मला वचन दिलं, काका तासभर समजावत होते.

"माझा नवरा तासभर?" काकू म्हणायच्या. "कुणाचा नवरा आला होता तुमच्याकडे?"

हसायच्या, आणि मग त्या पानाकडे बघत बसायच्या. मला त्यांची दया यायची आणि स्वतःची लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून मी खरं सांगितलं, असं काही झालं नाही.

अशात काकूंचे गुडघे बसले. जिना अठरा पायऱ्यांचा. वर येताना त्या सहाव्या आणि बाराव्या पायरीवर टेकायला लागल्या. डॉक्टरांनी फोटो काढले आणि बजावलं, की जिना बंद. परगावच्या मुलाने हे फोनवर ऐकलं आणि त्याने तिथून घर चालवायला सुरुवात केली. उंटावरून शेळ्या हाकायचा त्याला जुना सराव आहे. "आई, भाडेकरूंची कटकट, त्यात हा जिना. घर विकून टाकू. तू माझ्याकडे ये. मी गिऱ्हाईक बघितलंय. महिनाअखेरच्या रविवारी येतो, बोलून घेऊ."

काकूंनी फोन ठेवला आणि आधी दाराची कडी तपासली, जणू कोणी आत्ताच न्यायला आलं आहे. ती कडी काकांनी त्यांच्या डाव्या हाताला सोयीची अशी उलटी बसवून दिलेली. मग म्हणाल्या, "मुलगा वाईट नाही गं. सून तर माझ्यापेक्षा शहाणी आहे. पण तिथे मी पाहुणी. सकाळी उठून गॅस पेटवायचा तरी विचारावं लागेल. मला इथे मरायचंय. आणि तेसुद्धा सावकाश."

उपाय सरळ होता. काकूंनी खाली जायचं, मास्तरांनी आईला घेऊन वर यायचं. खोल्या दोन्हीकडे दोनच, भाडं तेच. मीच ते सुचवलं आणि मला फार हुशार असल्यासारखं वाटलं. काकूंनी मास्तरांना बोलावलं, चहा दिला आणि विचारलं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. एरवी हा माणूस मोठ्याने बोलणारा. भर चौकात शिकाऊ माणसाच्या गाडीत बाजूला बसून ओरडायची सवय. पण त्या दिवशी हळूच म्हणाले, "काकू, तुमच्या शब्दाबाहेर नाही मी. पण काकांनी शब्द दिला होता. आई आहे तोवर खालची जागा आमची. असं म्हणाले होते."

झालं. चष्मेवाल्यापुढे त्या हसू शकत होत्या, पण इथे एका पांगळ्या बाईचा प्रश्न होता आणि मेलेल्या नवऱ्याचा शब्द होता. मास्तर गेल्यावर त्यांनी पान काढलं, लिहिलं, "आजी असेपर्यंत खालची जागा." शाई फिसकटली. मग पेन आपटून म्हणाल्या, "जगाची सोय केली. माझी कधी करणार होते? की मी जिन्यावरच बसून राहायचं?"

त्यांना राग आला होता आणि तो बरोबर होता. फक्त कोणावर काढायचा, ते कळत नव्हतं.

दोन दिवसांनी काकूंनी एक डाव टाकला. चष्मेवाला जाळीचं विचारायला आला, तेव्हा अगदी साधा चेहरा करून म्हणाल्या, "हो रे, लाव की. पण ह्यांनी तुला दुसरी अट सांगितली होती ना? कुत्रा गच्चीवर, तर अठरा पायऱ्या रोज तू पुसायच्या?"

चष्मेवाला अडखळला. "हो... म्हणजे... म्हणाले होते तसं."

"मग उद्यापासून पूस," काकू म्हणाल्या.

तो गेला तशा त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत चमक होती. "ही अट मी आत्ता, इथे बसून तयार केली. म्हणजे तो खोटं बोलतोय." मग चमक गेली. "पण मग खरं कोण बोलतंय? तो खोटा म्हणून मास्तर खोटे होत नाहीत. एक धागा सुटला की दुसरी गाठ बसते. डोक्याचा नुसता भुगा झालाय." आणि मला म्हणाल्या, "तुझ्या दोरीचं तरी खरं ना?"

मी म्हटलं, "काकू, दवाखान्याची वेळ झाली." पळाले. रविवार होता, दवाखाना बंद होता.

महिनाअखेरचा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता. दुपारी मी घरी होते. काकू म्हणाल्या, "मला जरा खाली ने. म्हातारीला भेटून घेते. घर विकलं की त्यांनाही नवा मालक बघावा लागणार. माझ्या तोंडून कळलेलं बरं."

अठरा पायऱ्या उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. पायऱ्या लख्ख पुसलेल्या होत्या. मास्तर शिकवणीला गेले होते, दार नुसतं लोटलेलं. आजी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. समोर एक खिडकी, आणि खिडकीपासून हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसाही दिवा लावलेला. आजींचा डावा हात मांडीवर पडून असतो, पण जिभेला काही झालेलं नाही.

"ये गं. वर्षभरात पहिल्यांदा आलीस," आजी म्हणाल्या.

"गुडघे," काकू म्हणाल्या.

"ते ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या. त्यांना कसं ठाऊक, हे तेव्हा आमच्या लक्षातच आलं नाही.

काकूंना बाथरूमला जायचं होतं. मी त्यांना आत पोचवलं आणि दाराबाहेर थांबले. बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं पडल्या की काय. तेवढ्यात आतून हाक आली, "इकडे ये गं. लवकर."

मी दार ढकललं. काकू कमोडचं झाकण लावून त्यावर बसल्या होत्या. डावा हात त्या स्टीलच्या दांड्यावर. "बघ," त्या म्हणाल्या आणि उठल्या. मग बसल्या. परत उठल्या. गेला महिनाभर त्या कुठेही बसल्या की उठताना मला किंवा टेबलाला धरत होत्या. आत्ता एकट्या उठत होत्या. ठेंगण्या बांध्याच्या बाई, आणि दांडा बरोबर त्यांच्या मनगटाच्या उंचीवर.

"कुणासाठी बसवला हा?" काकू म्हणाल्या. मला विचारत होत्या की भिंतीला, कळेना.

तेवढ्यात मला दुसरं काही दिसलं. समोरच्या, उजव्या हाताच्या भिंतीवर पेन्सिलच्या दोन बारीक फुल्या होत्या. दांड्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच. काकांची पेन्सिल. भोक पाडायच्या आधीची खूण. तिथे काहीतरी बसवायचं होतं आणि राहून गेलं होतं.

काकू मला धरून बाहेर आल्या आणि सरळ आजींच्या खाटेवर बसल्या. "खरं सांगा. दांडा बसवला तेव्हा हे काय म्हणाले होते?"

आजींनी दाराकडे बघितलं. मुलगा आलेला नाही याची खात्री केली असावी. मग म्हणाल्या, "मीच विचारलं त्याला. माझा हात लुळा इकडचा, तू दांडा तिकडे का लावतोस रे बाबा? तर म्हणाला, हा तुमचा नाही. हा हिचा. तिचे गुडघे चाललेत, ती सांगत नाही, पण जिन्यात तिची पावलं ऐकू येतात मला. वर्ष-दोन वर्षांत तिला खाली यावं लागेल. तेव्हा तुम्ही वर जा. तुमचा दांडा उजवीकडे उंच लावतो, वर गेलात की तिथेही लावून देईन. फुल्या मारल्या, म्हणाला स्टील संपलं, पुढच्या आठवड्यात आणतो." आजींनी लुळा हात मांडीवर सरळ केला. "त्या आठवड्यात तोच गेला."

काकूंनी विचारलं ते भलतंच, "एवढं बोलले हे? एका दमात?"

"छे! दुपारभर बसला होता भिंतीशी. एकेक शब्द ओढून काढला मी."

"आणि तुम्ही वर जायला कबूल होतात?"

"मी त्याला एवढंच विचारलं, वर खिडकी आहे का? म्हणाला, रस्त्याकडे दोन आहेत." आजींनी समोरच्या भिंतीकडे हनुवटी केली. "चार वर्षं मी ही भिंत वाचतेय. पाठ झाली आता."

"मग मास्तर म्हणाले ते..."

"तो खोटं बोलला," आजी शांतपणे म्हणाल्या. "मला ताकीद होती, तू बोलू नकोस. आणि मला विचारायला आलं कोण? मालकीण बोलते मास्तराशी, मास्तर बोलतो मालकिणीशी. राहणार मी, पण मला कोण विचारतंय?"

मास्तर आले ते दारातच थांबले. आम्हा तिघींचे चेहरे बघून त्यांना कळलं. काकूंनी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाल्या, "ह्यांच्या नावावर खोटं का बोललात?"

भर चौकात ओरडणारा तो माणूस भिंतीला टेकला. "मागच्या घरात जिना होता, काकू. तिथेच आई पडली. माझ्या हातातून सुटली. मी हात धरला होता आणि सुटली." त्यांनी आईच्या खाटेकडे बघितलं. "परत जिना म्हटल्यावर मला काही सुचलंच नाही. सगळेच म्हणत होते, काका म्हणाले होते. मी पण म्हणालो."

मला वाटलं, आता काकू फटकारतील. त्या माझ्याकडे वळून बघत होत्या. सगळेच म्हणत होते.

"दोरीचं खोटं होतं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "तुला 'कायम' म्हणाले म्हणे. कायम हा शब्द हे लग्नातही म्हणाले नाहीत."

रविवारी सकाळी मुलगा आला, खिशात गिऱ्हाइकाचा नंबर घेऊन. त्याला कोणी बसूसुद्धा दिलं नाही. आजींना खुर्चीत बसवून चादरीने बांधलं होतं आणि खुर्चीचा चौथा पाय धरायला माणूस कमी पडत होता. एका पायाला मास्तर, एकाला चष्मेवाला, एकाला मी. मुलाच्या हातात चौथा पाय आला. "हे काय चाललंय?" तो विचारत होता, तोवर मास्तर ओरडले, "हळू! मागचे, जोर नको! थांबा, थांबा, आता पुढे!" रस्त्यावरची दोन माणसं बाजूला झाली.

सहाव्या पायरीवर मास्तर अडले आणि त्यांनी खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरला. आजी वरून म्हणाल्या, "घाबरू नकोस रे. ह्या वेळी चौघांनी धरलंय." बाराव्या पायरीवर चष्मेवाल्याला आपण घासून गुळगुळीत केलेल्या पायऱ्यांचा पश्चात्ताप झाला, पण कोणी पडलं नाही. वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टेकवली. आजींनी खाली रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला इथेच ठेवा. जेवायला नंतर वाढा."

मुलगा शर्टाच्या बाहीने घाम पुसत खाली आला, आईच्या नव्या, म्हणजे मास्तरांच्या जुन्या खोलीत. काकू आत बाथरूममध्ये होत्या. दार बंद होतं. गिऱ्हाइकाचं काढायला त्याने तोंड उघडलं आणि आतून काकूंचा आवाज ऐकून मिटलं.

काकू भांडत होत्या. "एवढं सगळं त्या म्हातारीला सांगितलंत. मला सांगायला काय झालं होतं? पावलं ऐकत होतात म्हणे. मी इथे कॅलेंडरं फाडतेय, लोकांचं ऐकतेय, तुमच्यावर चिडतेय..." मग आवाज फुटला आणि त्या रडल्या. काका गेल्यापासून त्या आमच्यासमोर अशा रडल्या नव्हत्या. मुलगा उठून दाराशी गेला, पण हात वर करून तसाच उभा राहिला. नंबराचा कागद त्याने खिशातून काढला होता, तो परत आत ठेवला.

काकू बाहेर आल्या. तोंड धुतलेलं. मास्तर आईची उशी न्यायला आले होते, त्यांच्याकडे वळून त्यांनी अगदी मालकिणीच्या आवाजात सांगितलं, "मास्तर, उद्या स्टीलचा एक दांडा आणा. वर आजींच्या बाथरूममध्ये बसवायचाय. उंची इथल्या त्या फुल्यांवरून मोजून घ्या, तीनदा मोजा."

"कुठल्या बाजूला?" मास्तरांनी विचारलं.

"उजवीकडे," काकू म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी महिनाभर वापरून वापरून झिजवलेलं ते वाक्य मग त्या पहिल्यांदाच बोलल्या. "हे म्हणाले होते."